खुर्चीचा उजवा हात

“हा हात हिच्या खुर्चीचा नाही!” आजोबा ताडकन उठले.

पॉलिश होऊन परतलेली आजीची शिसवी खुर्ची लखलखत होती. आजी जाऊन सहाच महिने झाले होते.

“अण्णा, खुर्ची तीच आहे,” बाबा म्हणाले. मग आईजवळ पुटपुटले, “हल्ली फार विसरतात. डॉक्टरांना दाखवायला हवं.”

भार्गवीने ते ऐकलं. “आयुष्यभर शाळेत सुतारकाम शिकवलेले आजोबा लाकडात चुकतील?” तिने धाकट्या भावाला विचारलं.

“म्हणजे, खरं काय ते आपणच शोधायचं?” निनाद म्हणाला.

“सुट्टीच तर आहे!”

आजोबांनी त्यांना लाकूड खरवडायची, गोल कडेची पोलादी पत्ती दिली. “सपाट पत्ती वळणावर बसत नाही. ही किंचित पुढे कलती धर. अंगठ्यांनी ढकल, लाकडाच्या रेषांबरोबर. भुगा पडला तर धार गेली समज. पातळ साल निघायला हवी.”

भार्गवीने खुर्चीच्या डाव्या हाताची खालची बाजू खरवडली. गडद तपकिरी साल गुंडाळी होत निघाली.

“चॉकलेट!” निनाद ओरडला.

“खाऊ नकोस म्हणजे झालं!”

मग उजवा हात. आधी रंग निघाला. त्याखाली पांढुरकं लाकूड! निनादने दोन्ही साली कागदात जपून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी पॉलिशवाले मनोहरजी टेबल न्यायला आले. बाबा आणि आजोबा तिथेच होते.

“अंकल, वळणावर पत्ती कशी चालवायची? शिकवा ना!” भार्गवी म्हणाली.

मनोहरजींनी खुशीत खुर्चीचा डावा हात खालून खरवडून दाखवला.

“आता उजवा!”

“उसे रहने दो, बिटिया.”

“का? दोन्ही शिसवीच ना?” निनादने कालच्या दोन्ही साली कागदावर ठेवल्या.

मनोहरजींनी कबुली दिली. मशीनवर घासताना खुर्चीचा हात दुभंगला होता. त्यांनी आंब्याच्या लाकडाचा दुसरा बसवून रंगवला होता.

“जुने तुकडे?” आजोबा पुढे झाले.

“दुकान में हैं, बाबूजी. फेंके नहीं.”

बाबा आजोबांपाशी आले. “अण्णा, चुकलो मी. तुमचं ऐकूनच घेतलं नाही.”

तुकडे आले. आजोबांनी ते सांधून, दाबून ठेवले. सरस वाळल्यावर भार्गवी सांध्यावरचा उंचवटा खरवडू लागली. पत्ती टोकाशी पोचली. तिथे बोटभर खळगा होता, गुळगुळीत.

“हा राहिलाय, आजोबा. सपाट करू?”

“आजीचा अंगठा सतत इथे फिरायचा. चाळीस वर्षं.”

भार्गवीने पत्ती खळग्याच्या अलीकडेच उचलली आणि बाजूला ठेवली.

आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “खरवडायला कोणीही शिकेल, पोरी. कुठे थांबायचं, ते तुला न शिकवता कळलं.”