पितळी मानेचा विल्फ

मी दार उघडलं तर तो उभा! केसांतून पावसाचं पाणी निथळतंय, हातात वाफाळतं पातेलं आणि तोंडभर हसू.

"तुम्ही एडना ना? मी विल्फ, मळ्यात तुमच्या शेजारचा वाफा घेतलाय. ओळख व्हावी म्हणून... लीकचं सूप आणलंय."

लीक! बाबांनी वर्षभर जिवापाड जपलेले तीन लीक, कांद्याच्या जातीचे पण मनगटाहून जाड, आज खाणकामगारांच्या क्लबातल्या प्रदर्शनात जायचे होते. सकाळी मी ते धुऊन मळ्याच्या फाटकाजवळच्या बाकावर ठेवले, दोरी आणायला वळले... आणि परत येते तर बाक रिकामा. छातीच्या दुखण्यानं खाटेला खिळलेल्या बाबांना सांगायचं कसं?

"लीक कुठून आणलेत?"

"त्या बाकावरून. तिथली जास्तीची भाजी कुणीही न्यावी, असा रिवाज आहे ना इथं?"

रिवाज खराच. पण प्रदर्शनाच्या दिवशी त्या बाकाला कुणी हात लावत नाही, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल!

"अरे मेल्या, ते स्पर्धेचे होते!"

त्याचं हसू मावळलं. वाटलं, आता पळेल. छे! तो माझ्या बाजूनं थेट बाबांच्या खाटेपाशी.

"काका, तुमचे लीक मी चिरले. नवा आहे, कळलं नाही. हव्या तेवढ्या शिव्या घाला, पण आधी चव बघा. आणि..." त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले. "शनिवारी नाच आहे. एडनाला नेऊ का?"

"बाबा, बघा! आपण डरहॅमवाले म्हणतो ना, मान पितळेची... लाजेनं वाकतच नाही, ती हीच!"

"वाकते की," तो हळूच मला म्हणाला, "तुमच्यासमोर."

बाबांनी चमचा तोंडाला लावला. डोळे मिटले.

"इतकी वर्षं लीक नुसते मापत आलो," ते म्हणाले. "खाऊन कधी बघितलेच नाहीत रे... मीठ कमी आहे. आणि नाचाचं तिलाच विचार. ती काय बाकावर ठेवलीय?"

विल्फ माझ्याकडे वळला. आता मात्र त्याची जीभ अडखळली.

"मग... येशील?"

"येईन. पण पुढच्या वर्षी बाबांचा वाफा तू खणायचास."

"आयुष्यभर खणतो!"

"मी एकच वर्ष म्हणाले–"

"ऐकलं," म्हणत निलाजऱ्यानं माझ्यासाठीही सूप वाढलं. मी रागानं बघायला गेले... आणि हसूच फुटलं.