गिरडची सुपारी

“ओ मॅडम! मशीनखाली मराची हौस हाये का?”

गिरडजवळच्या गिट्टी खदानीत, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी दगड न्याहाळण्यात मी इतकी गुंगले होते की पोकलेनचं धूड जवळ आलेलं कळलंच नाही. वर बसलेला पोरगा चक्क हसत होता!

“मॅडम काऊन म्हणता? मंजुषा म्हणा. समुद्रपूरचीच हाये मी!”

“मी पीयूष. आता बाजूले व्हा ना, मंजुषा…”

नाव असं घेतलं मेल्यानं, की माझा रागच पळाला. मग महिनाभर खदानीच्या वाऱ्या. आई विचारायची, “एवढं काय असते वं त्या दगडात?” काय सांगू तिला?

आज त्याचाच फोन आला. “लवकर येजो. काहीतरी निघालं हाये.”

काळ्या पाषाणात माणूस वाकून शिरेल एवढी पोकळी उघडी पडली होती. मोबाइलचा उजेड आत टाकला… अगं बाई! भिंतीभर पांढऱ्या सुयांचे झुपके, मधेच हिरवट स्फटिक, फिक्या गुलाबी पाकळ्या. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

“लाव्हा थिजताना राहिलेला बुडबुडा हा,” मी कुजबुजले. “पाणी झिरपत राहिलं, खनिजं साचत गेली. कोट्यवधी वर्षं इथं उजेड आला नव्हता, पीयूष. पाहणारे आपण पहिले.”

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. “अन् मी रोज हे फोडून राह्यलो…”

मग मीच धीर केला.

“उद्या नागपूरचे पाहुणे येऊन राह्यले. माझी सुपारी फोडाले, लग्न पक्कं कराले. मी अजून हो म्हटलं नाई.”

त्याचा चेहरा उतरला. खिशातून त्यानं एक गोल, खडबडीत खडा काढला. गिरडच्या टेकडीवरचा. तिथल्या दर्ग्याच्या शेख फरीदबाबांनी व्यापाऱ्याच्या सुपाऱ्यांचे दगड केले, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं.

“तुले द्याची होती. कधीचा घेऊन फिरतो… पण हे सुपारी कुठं फुटते?”

“कोणं सांगितलं?”

मी खडा कातळावर ठेवला, हातोडी उचलली. एकच घाव… आणि दोन तुकडे! आत मधोमधून कडेपर्यंत पांढरेशुभ्र, रेशमी तंतू. पोकळीतलंच खनिज, पण मुठीत मावणारं.

एक तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला.

“फुटली सुपारी. आता माझ्या बाबाले सांगाले तू येतं, का मी एकटीच जाऊ?”

तो कधी तुकड्याकडे पाही, कधी माझ्याकडे.

“थांबजो…” तो अडखळला. “हातपाय तरी धुऊन येतो!”