तेरा हजारांवरचा दिवा

मोटरसायकलच्या शर्यतीत गेलेल्या लानांगला मातीआड करून तीन दिवस झाले होते. त्याचा मेकॅनिक कार्सिमान वुर्यानीबाईंच्या, म्हणजे अडलेल्या प्रत्येकाच्या 'बु'च्या, ओसरीवर येऊन बसला, पण समोरच्या चहाला त्याने हात लावला नाही.

"गिअर बदलायची खूण देणारा दिवा मी मिनिटाला अकरा हजार दोनशे फेऱ्यांवर लावला होता, बु. आधी बदलला तर पुढच्या गिअरात दम राहत नाही, उशिरा बदलला तर वेळ जातो. शर्यतीनंतर बघतो, तर दिवा तेरा हजारांवर! इंजिन फुटलं, पोर गेलं. सगळं बोयोलाली गाव मला खुनी म्हणतंय."

"इंजिनाला लगाम नव्हता?"

"होता. बारा हजारांवर जाऊच देत नव्हता. अंतिम फेरीआधी मालकांनी काढायला लावला. म्हणाले, दिवा आहे की."

"मग मालकच!" बाईंचे दीर दार्मो पुटपुटले. टपाल वाटण्यात जन्म गेला, पण पाकीट न फोडता मजकूर सांगायची खोड काही गेली नव्हती.

शर्यतीआधी गाडीजवळ तिघेच गेले होते. कार्सिमान, मालक हान्दोको आणि लानांगचा धाकटा भाऊ सेतो. तोही शर्यतीतलाच.

हान्दोकोने काही लपवलं नाही. "लगाम मीच काढायला सांगितला. पण त्यानंतर दिवा तेरा हजारांवर नेणं म्हणजे मरण, हे शेंबडं पोरही सांगेल."

सेतोचे डोळे रडून सुजले होते. "मला एकच कळत नाही, बु. बारा हजारांना इंजिन आपोआप अडतं. मग फुटलंच कसं?"



दुपारी त्यांनी तिघांना गॅरेजात बोलावलं.

"दिवा बदलणाऱ्याला लानांगला हरवायचं होतं, मारायचं नव्हतं. लगाम असता तर दिवा लागलाच नसता. दिव्याची वाट बघत लानांग बारा हजारांवर अडखळत राहिला असता आणि मागे पडला असता. एवढंच. म्हणजे हे करणारा लगाम जागेवर आहे असं धरून चालला होता. मालकांनी तो काढायला लावला, कार्सिमानने काढला. ठाऊक नव्हतं ते एकालाच." बाईंचा आवाज खाली आला. "सेतो, मघाशी तूच मला विचारलंस."

सेतो भिंतीला घसटत खाली बसला.

"पुढच्या वर्षी संघात एकाच स्वाराला जागा होती. दादा एकदा हरला असता, तर... एकदाच, बु."

कार्सिमानवरचा आळ गेला होता, तरी त्याला मान वर करवेना. "लगाम काढल्याचं तुला सांगायला हवं होतं रे," तो म्हणाला.

दार्मोंना खुनी सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता. त्यांना पोराकडे बघवेना.

"पोलिसांना सांगेन मी सगळं," सेतो म्हणाला. "पण आईला कोण सांगणार?"

"तूच," बाई म्हणाल्या. "ऊठ. मी येते बरोबर."