परतहक्क

सूर्य आड यायला एकच दिवस उरला होता. मंगळावरच्या अरुणा वसाहतीत शाळेची शेवटची घंटा झाली. उत्तरा शिंत्रे फळा पुसत होती, तेवढ्यात झोयानं दारातून हाक दिली, "बाई, जाते!"

"जाते म्हणू नये. येते म्हण."

"पण मी तर जातेय."

"जाताना येते म्हणायचं असतं. म्हणजे परत यायचंय, हे मागच्यांना कळतं."

"मग येताना काय म्हणायचं?"

झोयाचे वडील इलियास तांबोळी तिला न्यायला आले होते, ते हसले. "आमच्या मिरजेत असलं विचारलं की धपाटा मिळायचा." वसाहतीचं संदेशकेंद्र तेच सांभाळत. उत्तराकडे वळून ते म्हणाले, "ताई, बाबांशी आज बोलून घ्या. उद्यापासून दोन आठवडे आपल्या आणि पृथ्वीच्या मधे सूर्य. इकडचा शब्द तिकडे जायचा नाही की तिकडचा इकडे यायचा नाही."

"तोवर छाया बोलेल."

"बोलेल की. तिला कुठं सूर्य आडवा येतोय?"

मंगळावरून निघालेला शब्द पृथ्वीवर पोचायला या दिवसांत वीस मिनिटांहून जास्त वेळ लागे, आणि उत्तर यायला पुन्हा तेवढाच. अशा गप्पांनी म्हातारी माणसं कंटाळून जात. म्हणून इथल्या शिक्षकांना पगारासोबत ज्या सवलती मिळत त्यांत बोलछाया होती. शिक्षक निघण्याआधी सहा महिने एक यंत्र त्याच्या घरात ठेवलं जाई. ते त्याचं बोलणं ऐके, बोलण्यामागून तो काय करतो ते पाही, आणि पुढं घरच्यांना त्याच्याच आवाजात लगोलग उत्तरं देई. खरं उत्तर मागाहून पोचे आणि चुकलंमाकलं सुधारून घेई.

"पण सुधारणारं कुणी नसताना ती भलतंच काही बोलली तर?" उत्तरानं विचारलं.

"नाही बोलायची. पूर्वीच्या यंत्रांनी लोकांच्या नावानं वचनं देऊन ठेवली, कोर्टकचेऱ्या झाल्या. तेव्हापासून कुलूपच घातलंय. जे वाक्य तुमच्या तोंडून कधी निघालं नाही, ते छाया उच्चारत नाही. आणि निघालेल्यांतही वजन बघते. जे बोलून तुम्ही तसं वागलात ते जड, नुसतं बोललात ते हलकं."

"म्हणजे माझ्यापेक्षा प्रामाणिक."

"सावध म्हणा," इलियास म्हणाले आणि झोयाला घेऊन गेले.

बाबांना हे कुलूप फार आवडलं होतं. दिनकर शिंत्रे यांनी जन्मभर गडहिंग्लजच्या हायस्कुलात भूमिती शिकवली. उत्तराचा करार आला, तेव्हा तोही त्यांनी प्रमेयासारखाच सोडवायला घेतला होता. "पगार इथल्यापेक्षा कितीतरी पट. पक्ष चांगला आहे. हे श्वासशुल्क काय?"

"हवेचं भाडं, बाबा. पगारातून कापतात."

"हवेला भाडं! इथं फुकट मिळते ती सोडून?" मग घर, पाणी, औषधं, तिथल्या नाण्याचा इथला भाव असं एकेक कलम घेत ते पुढं सरकले. "पगाराचा आकडा बघू नये. हातात काय उरतं ते बघावं." शेवटी एका कलमावर त्यांनी बोट ठेवलं. परतहक्क. पृथ्वीकडे निघणाऱ्या प्रत्येक यानात घरी येण्यासाठी एक जागा. "हे आहे म्हणून जा. हे नसेल, तर बाकीचं सगळं शून्यानं गुणलेलं."

पुढं त्यांच्या हृदयाची झडप बिघडली. करार नवा करायची वेळ आली तेव्हा उत्तरासमोर दोन पर्याय होते, परतहक्क किंवा पालककवच. कवच घेतलं तर पृथ्वीवरच्या आईवडिलांचा सगळा औषधोपचार वसाहत करणार होती. मंगळावरच्या नाण्यातला तिचा घसघशीत पगार गडहिंग्लजच्या दवाखान्यात पोचेपर्यंत चिमूटभर होई. तिनं कवच घेतलं. बाबांना एवढंच कळवलं, की कवच मिळालं.

सूर्य आड येण्याआधीच्या त्या संध्याकाळी बाबांचा निरोप आला. "शुक्रवारी ऑपरेशन ठरलं गं. पुढं ढकलू नका म्हणतायत डॉक्टर. तुझ्या कवचामुळं खोली एसीची मिळालीय. शेजारच्या इंदूला सांगितलं तर ती म्हणते, सर, मलाबी आजारी पाडा. ते असू दे. पुढच्या यानानं येतेस ना?"

उत्तरानं झोयाचा प्रश्न सांगितला. दवाखान्यात मफलर न्या म्हणाली, इंदूकाकूंना उगाच चिडवू नका म्हणाली. शेवटच्या प्रश्नाशी ती अडली. ऑपरेशन पार पडू दे, जरा हिंडूफिरू लागू देत, मग सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं.

"येते, बाबा," म्हणून तिनं नेहमीसारखा निरोप संपवला.

सूर्य सरला तेव्हा पहिला आवाज आला तो शेजारच्या इंदूकाकूंचा.

"उत्तरा, सर गेले गं." "शुक्रवारी डबा घेऊन गेले, तर सर झोपाळ्यावर. म्हटलं, दवाखान्यात जायचं न्हवं? म्हणाले, तारीख पुढं टाकली. उत्तरा येते म्हणाली, ती आली की करू. मी म्हटलं, सर, ते यंत्र बोलतंय. तर मलाच शिकवाया लागले. म्हणे, उत्तरानं न म्हटलेलं यंत्र बोलत नाही, हा पक्ष. यंत्र येते म्हणालं. मग उत्तरा कुठंतरी येते म्हणालीच असणार, हे सिद्ध झालं. किती खूश होते गं! सोमवारी सकाळी हाक मारली, तर…"

उत्तरा संदेशकेंद्रात गेली. इलियासनी बाबांचा छायेशी झालेला तो संवाद शोधून दिला. नका ऐकू, असं एकदा म्हणून पाहिलं.

बाबांचा आवाज खालचा होता. "पोरी, शुक्रवारचं पुढं ढकलू का? तू आलीस की करू. एकट्याला भीती वाटते गं."

मग उत्तराचाच आवाज, लाडिक, घाईतला. "येते, बाबा."

"हे कसं म्हणाली ती?" उत्तरानं विचारलं. "मी येणार, असं मी कधी म्हटलंच नव्हतं."

इलियास हातातल्या पेनाकडे बघत बोलले. "यंत्र सहा महिने तुमच्या घरात होतं. रोज सकाळी येते म्हणून निघालात, संध्याकाळी आलात. बाजाराला जाताना येते म्हणालात, आलात. एकदासुद्धा चुकलं नाही, ताई. त्याच्या लेखी तुमचं यापेक्षा जड वाक्य नव्हतं."

"आणि इथून म्हणायची ते?"

"तेही ते ऐकतं, पण अजून पुरं व्हायचंय म्हणून त्यानं बाजूला ठेवलंय."

"येणार नाही, असंही म्हणता आलं असतं तिला."

बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं. ते वाक्य कधी तिच्या तोंडून निघालंच नव्हतं.

इंदूकाकूंचा निरोप अर्धाच ऐकून ती उठली होती; उरलेला इलियासनी लावला. "आणि गं, ते यंत्र अजून चालूच हाय. दिवेलागणीला विचारतं, बाबा, जेवलात का? ऐकवत नाही. बंद कसं करायचं?"

"इथून करता येईल," इलियास म्हणाले. "करू?"

"थांबा. आधी मला बोलायचंय."

"तिथं ऐकायला कोणी नाही, ताई."

"ती आहे. तिला हे माहीत नाही."

इलियासनी कळ दाबली आणि ते दार ओढून बाहेर गेले. समोरचा लाल ठिपका उजळला. गडहिंग्लजच्या त्या खोलीत झोपाळा असेल, मफलर खुंटीवरच असेल.

"बाबा," ती म्हणाली, "मी परतहक्क सोडला. कवच आणि परतहक्क, दोन्ही मिळत नव्हतं. मी येणार नाही. पुढच्या यानानं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तुम्ही थांबू नका. शुक्रवारी ऑपरेशन करून घ्या. भीती वाटली तर इंदूकाकूंचा हात धरा."

मग सवयीनं ओठ हलले. "ये—"

तिनं तो शब्द गिळला.

"जाते, बाबा."