पंपघराला रजा

रविवारी दुपारी चष्मेवाले पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर चढले तेव्हा त्यांच्या मनात पूर नव्हता, आग नव्हती, भूकंप तर मुळीच नव्हता. मनात होती एक खुर्ची. टाकीच्या पायथ्याशी रखवालदाराची रिकामी खोली होती आणि तिच्यात एक हात मोडलेली लाकडी खुर्ची होती. तिच्यावर बसून घटकाभर डोळे मिटायला मिळाले असते, कुणी हाक मारली नसती, तर गावावरचं हे खोटं संकट त्यांनी आनंदानं डोक्यावर घेतलं असतं.

संकट खोटंच होतं. हौशी रेडिओवाल्यांचं त्यांचं मंडळ अधूनमधून असा सराव करी. पूर आलाय, वीज गेलीय, फोन बंद पडलेत असं धरून चालायचं. आपापले सेट घेऊन कुणी पुलावर, कुणी शाळेत, कुणी दवाखान्यात जाऊन बसायचं आणि एकमेकांना संदेश पोहोचवायचे. पगार नाही, शाबासकी नाही. घरची माणसं 'निघाले खेळायला' म्हणून मोकळी होत. सराव खराच वाटावा म्हणून सगळ्यांचे मोबाइल सकाळीच एका खोक्यात घालून अग्निशमन केंद्रात ठेवत. तिथं बँकवाल्या मॅडम 'कंट्रोल' म्हणून बसत आणि बँकेत जसं गिऱ्हाइकाला धाकात ठेवत तसं मंडळालाही ठेवत.

चष्म्याचं दुकान म्हणून ते चष्मेवाले. टेकडीवर बसणाऱ्याचं काम मध्यस्थाचं. खालच्या लोकांना एकमेकांचे आवाज धड पोहोचत नसत, टेकडीवरून मात्र सगळ्यांचे ऐकू येत. तेव्हा इकडचं ऐकायचं आणि तिकडं सांगायचं. स्वतःचा एक शब्द घालायचा नाही, दुसऱ्याचा एक गाळायचा नाही.

मंडळाचे नियम एखाद्या खाष्ट सासूलाही लाजवतील असे होते. प्रत्येक संदेशाआधी 'सराव, सराव' म्हणायचं, नाहीतर ऐकणारा खरं समजून धावत सुटायचा. हवेवर थट्टा करायची नाही. आणि कंट्रोलनं 'जा' म्हटल्याशिवाय आपली जागा सोडायची नाही, मग काही होवो. 'जा' म्हणणाऱ्यानंही पुढची जागा सांगायची. घरी जा, शाळेत जा, काहीतरी सांगायचं. माणसाला नुसतं अधांतरी सोडायचं नाही.

आज संध्याकाळी मंडळाचा राजीनामा द्यायचा असं चष्मेवाल्यांनी ठरवलं होतं. घरी ताई होती. आईच्या मागं जिनं त्यांना वाढवलं, स्वतःचा संसार मांडला नाही आणि साठवलेल्या पैशांतून दुकान थाटून दिलं, ती ताई. तिचं अर्धं अंग लुळं पडलं त्याला बरीच वर्षं झाली. तिला भरवायचं, पुसायचं, कूस बदलून द्यायची, रात्री कण्हण्याच्या आवाजानं उठायचं, सकाळी दुकान उघडायचं. परवा एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवता बसवता त्यांचा उभ्या उभ्या डोळा लागला होता. कधीकधी मनात येई, की सुटावं आता. कुणी सुटावं, तिनं की आपण, तिथपर्यंत तो विचार ते जाऊ देत नसत. आणि मग दिवसभर स्वतःचीच लाज वाटे.

"सहाला मात्र मला निघावं लागेल हं, भाऊजी," ताईपाशी बसायला आलेल्या शेजारच्या वहिनींनी बजावलं होतं.

"त्याआधीच येतो, वहिनी."

दुपार सरता सरेना. आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. खोलीत गंजलेल्या लोखंडाचा आणि पाण्यात घालायच्या औषधाचा वास कोंडला होता. वर टाकीत पाणी मधूनच आतून धडका देई.

"सराव, सराव. शाळा विचारतेय, पांघरुणं किती पाठवणार?"

"सराव, सराव. टाकी बोलतेय. कंट्रोल, शाळा विचारतेय, पांघरुणं किती पाठवणार?"

नसलेल्या पुरातल्या नसलेल्या माणसांना नसलेली पांघरुणं. चष्मेवाल्यांच्या पापण्या जड झाल्या. खरखर वाढली आणि तिच्या तळातून एक आवाज आला. फार खालून, ओल्या कापडातून गाळून यावा तसा.

"टाकी... टाकी... पंपघर बोलतंय..."

पंपघर? आजच्या सरावात पंपघर नव्हतंच. पण मॅडमना ऐनवेळी असं काहीतरी नवं घुसडायची सवय होती. चष्मेवाल्यांनी बटण दाबलं. "पंपघर, सांगा."

"कंट्रोलला विचारा... पाणी दारात आलंय... जाऊ का?"

'सराव' म्हणायला विसरला लेकाचा, असं म्हणत चष्मेवाल्यांनी कंट्रोलला शब्द न बदलता सांगितलं. पंपघर विचारतंय. पाणी दारात आलंय. जाऊ का.



"चष्मेवाले," मॅडम म्हणाल्या. हवेवर त्यांनी कुणाला असं कधीच पुकारलं नव्हतं. "ही थट्टा करायची गोष्ट आहे का?"

"मी कशाला थट्टा करू? ऐकलं ते सांगितलं."

"दुसऱ्या कुणालाच ऐकू आलेलं नाही. आणि... परत आवाज आला तर उत्तर देऊ नका."

तेव्हा कुठे चष्मेवाल्यांची झोप उडाली. पंपघराची गोष्ट मंडळात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. पुष्कळ वर्षांपूर्वी खराच पूर आला होता. नदीकाठच्या पंपघरात एक कंपाउंडर सेट घेऊन पाण्याची पातळी कळवत बसला होता. पाणी दारात आलं तेव्हा त्यानं विचारलं, जाऊ का? तेव्हाचे कंट्रोल म्हणाले, थांबा, सांगतो. आणि तेवढ्यात त्यांच्याकडची बॅटरी बसली. दुसरी जोडेपर्यंत पंपघर बोलायचं थांबलं होतं. कंपाउंडर सापडला नाही, पंपघरही सापडलं नाही. ते कंट्रोलही पुढं म्हातारे होऊन वारले. म्हणून पोरांनो, कुणाला 'थांबा' म्हणालात तर त्याला विसरू नका, असं म्हणून गोष्ट संपायची आणि सगळे चहाकडे वळायचे.

चष्मेवाल्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. नदीकाठी सिमेंटचा एक चौथरा उरला होता, त्याच्यावर गवत माजलं होतं. नदी सुकून बारीक झाली होती. खोलीत मात्र आता चिखलाचा वास येत होता. ओल्या, कुजक्या, दाट चिखलाचा.

"टाकी... कंट्रोल काय म्हणतंय?"

सेट तिथंच टाकून पळावं असं वाटलं. पण घाबरायलाही अंगात त्राण लागतं, ते चष्मेवाल्यांच्यात फारसं उरलं नव्हतं. आणि तो आवाज भिववणारा नव्हता. नुसता दमलेला होता. असा आवाज त्यांच्या ओळखीचा होता, रोज रात्री ताईला 'आलो, आलो' म्हणताना तो त्यांच्याच घशातून निघे. त्यांना त्या माणसाची मनापासून दया आली. एवढी वर्षं एका शब्दासाठी बसून राहिलाय बिचारा, आणि तो शब्द द्यायला कुणाच्या बापाचं काय जातंय?

"पंपघर," ते हळूच म्हणाले, "तुम्ही जा."

नुसती खरखर. मग...

"कुठे?"

"घरी जा."

"घर... पाण्यात गेलं... पुढची जागा सांगा."

"अहो, जा ना कुठेही."

"पुढची जागा सांगा... टाकी... पुढची जागा..."

दारात उभ्या राहिलेल्या चिवट विक्रेत्यावर माणूस वैतागावा तसे चष्मेवाले वैतागले. "मग माझ्या घरी जा. ताईपाशी जाऊन बसा. मला तेवढाच विसावा!"

"समजलं." आवाज एकाएकी स्वच्छ झाला, अगदी कानाशी आला. "ताईपाशी बसतो."

खरखर थांबली. चिखलाचा वासही गेला. आणि आपण हवेवर काय बोलून बसलो ते चष्मेवाल्यांना कळलं.

"पंपघर! पंपघर, ते रद्द! टाकी बोलतेय, जाऊ नका!" त्यांनी पुन्हा पुन्हा पुकारलं. उत्तर नाही. घरी फोन करावा तर मोबाइल खोक्यात. त्यांनी कंट्रोलला गाठलं. "मॅडम, मला घरी जायचंय. आत्ताच्या आत्ता. ताई एकटी... नाही, एकटी नाही, पण... जाऊ का?"

"टाकी, पुलाचा एक संदेश अडकलाय," मॅडम म्हणाल्या. "थांबा, सांगते."

थांबा, सांगते. हेच शब्द कंपाउंडरनं शेवटचे ऐकले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न विचारता जागा सोडली. सेट पिशवीत कोंबला आणि ते उताराला लागले. ठेचकाळले, चप्पल तुटली, ती तिथंच टाकून पळत सुटले. टेकडीवरून घर काही जवळ नव्हतं. रस्त्यात माणसं होती, दुकानं उघडी होती, एक पोरगी सायकल शिकत होती. कुणाला काय सांगणार? देवा, तिला काही होऊ देऊ नकोस, मी पुन्हा कधी कंटाळणार नाही, एवढंच ते धापा टाकत घोकत होते.

वहिनी जिन्यात, स्वतःच्या दारापाशी भेटल्या. हातात भाजीची पिशवी.

"अहो भाऊजी, एवढे धावत कशाला? तुमच्या मंडळातले आलेत ना बसायला. म्हणाले, तुम्ही जा. मग मी भाजी घेऊन आले." मग त्यांनी आवाज उतरवला. "पण काय हो, नखशिखांत भिजलेत. पाऊस तरी कुठे झाला?"

चष्मेवाल्यांनी दार ढकललं. बाहेरच्या खोलीत फरशीवर गढूळ पावलं उमटली होती. आत जाणारी होती. बाहेर येणारं एकही नव्हतं.

आत ताईशिवाय कुणी नव्हतं. पलंगाजवळ खुर्ची ओढलेली, तिच्याखाली पाण्याचं थारोळं. ताईची कूस बदललेली होती. चादर ताठ, उशी नीट, केस विंचरलेले. ती हसत होती, तिला हसता येई तेवढं, अर्ध्या ओठांनी.

"ताई! कोण होतं इथं?"

"तूच पाठवलास ना?" ताईचे शब्द नेहमीसारखे ओढत ओढत आले. "चांगला आहे रे. हात गार आहेत... पण घाई नाही त्याच्या हातांना."

हे चष्मेवाल्यांच्या वर्मी लागलं. त्यांच्या हातांना घाई असे. ती ताईला कळत असे, आणि ती कधी बोलली नव्हती.

"काय म्हणाला तो?"

"विचारत होता... कुणाला काही कळवायचंय का. मी म्हटलं, आहे... भावाला. त्याच्या तोंडावर मला बोलवत नाही."

"मला? काय कळवायचंय, ताई? सांग ना मला. मी इथंच आहे."

"तो सांगेल." ताईनं डोळे मिटले. "शब्दन् शब्द घोकून घेतलाय त्यानं."

पिशवीतला सेट खरखरू लागला. चष्मेवाल्यांनी तो ओढून काढला, कळ फिरवून बंद केला. खरखर चालूच. त्यांनी मागचं झाकण उचकटून बॅटरी काढली आणि ती हातातून निसटून पलंगावर पडली. त्या रिकाम्या सेटमधून, अगदी स्वच्छ, तो दमलेला आवाज आला.

"टाकी... ताईंचा संदेश आहे. सुरुवात. 'बाळा, मी फार दमले. तूही दमलास. जाऊ का?' संपला." खरखर पुन्हा वाढली. "उत्तर द्या... मी पोहोचवतो."

खोलीत चिखलाचा वास भरत गेला. चष्मेवाल्यांचा अंगठा बटणावर होता, पण दाबला जात नव्हता. 'जा' म्हणायला जीभ उचलेना. वर्षानुवर्षं मनाच्या तळाशी तोच शब्द दडवून ठेवला होता हे कळल्यावर तर मुळीच उचलेना. 'थांब' म्हणावं, तर थांब म्हटलेलं माणूस किती थांबतं, कसं थांबतं, ते त्यांनी आजच ऐकलं होतं. ताईला तसं ठेवायचं? आणि काहीच बोललो नाही, तर? ते रडू लागले.

"ताई," ते म्हणाले, "मला नाही गं सांगता येत..."

ताईनं डोळे उघडले नाहीत. तिचा उजवा हात, तो लुळा हात, पलंगाच्या कडेवरून रिकाम्या खुर्चीकडे गेला होता. अधांतरी, कुणीतरी हातात धरून ठेवावा तसा. बोटांवरून पाणी ठिबकत होतं.

"टाकी... ऐकू येतंय का?"

"सांग ना रे बाळा," ताई म्हणाली. "तो बिचारा कधीचा विचारतोय."