भीतीची सरासरी

वसुलीवाला कधी आवाज चढवत नसे. बेल वाजवायची, चपला काढून भिंतीशी जोडून ठेवायच्या, पाणी मागायचं, असा त्याचा शिरस्ता. मग कोचावर ऐसपैस बसून तो फोनकडे बघायचा.

"पट्टी हिरवी आहे, ताई. म्हणजे तुम्ही घाबरलेल्या नाही. दहा मिनिटं बसतो."

समोर सुलभा हुपरीकर स्वयंपाकघराच्या दारातच थांबायची. कर्ज वारलेल्या नवऱ्याचं, जामीन म्हणून सही हिची. हा माणूस कधीतरी आपल्याला फरफटत नेईल, असंच तिला वाटे.

गृहशांती कायदा आला तेव्हा कोल्हापुरात लोकांनी पेढे वाटले होते. पूर्वी 'त्यानं धमकावलं' आणि 'मी फक्त पाणी मागितलं' यावर वर्षानुवर्षं खटले चालत. आता प्रत्येकाच्या मनगटावर भयपट्टी आली. माणूस घाबरला की घामातली काही रसायनं वाढतात. पट्टी ती ओळखून लाल होते आणि समोर कोण होतं तेही नोंदवते. एका महिन्यात एकाच माणसाच्या नावावर तीन लाल नोंदी झाल्या, की त्याच दिवशी मनाई हुकूम. घराच्या शंभर मीटरमध्ये त्यानं फिरकायचं नाही. साक्षीदार नको, वकील नको.

"मग माझी पट्टी लाल का होत नाही ओ?" सुलभानं भयमापन केंद्रातल्या डॉक्टर फडतऱ्यांना विचारलं.

"कुणी पाल बघून किंचाळतं, कुणी साप हातात धरतं. म्हणून ज्याची त्याची मागच्या तीस दिवसांची सरासरी धरतात. तिच्या दीडपट घाबरलात तरच लाल. तक्रार किती दिवसांनी केलीत?"

"दोन महिने कळ काढली. बिल्डिंगमध्ये बोभाटा नको म्हणून."

"तिथंच चुकलात. तुम्ही आता झोपेतसुद्धा घाबरलेल्या असता. सरासरीच छताला टेकलीय, वर जायला जागा नाही. महिनाभर न घाबरता राहा, मग होईल लाल."

सुलभाला हसू आलं आणि पाठोपाठ रडू.

"घरी आणखी कोण असतं?"

"सासूबाई. आतल्या खोलीत असतात. विसरायचा आजार आहे. मघाशी जेवलेलं आठवत नाही."

"म्हणजे त्यांची सरासरी खालीच राहत असणार." डॉक्टरांनी फाईल मिटली. "मी काही सुचवलेलं नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. "आत्ती, दार उघडा," असं सासूबाईंना सांगून सुलभा ओट्याला धरून उभी राहिली. वसुलीवाल्याच्या फोनवर फक्त जामीनदाराची पट्टी दिसे, म्हातारीची नव्हे. तो नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला, "आजी, मुलगा गेला तुमचा. आता सुनेलाही नेतील." आत्तींचा हंबरडा ऐकून सुलभानं कान झाकून घेतले. आत्तींची पट्टी लालभडक. तासाभरात आत्ती सगळं विसरून चहा मागत होत्या.

त्यानंतरचे दोन दिवसही तिनं हेच केलं. स्वतःची लाज वाटली, तरी केलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हुकूम आला आणि बेल थांबली.

चौथ्या दिवशी मऊ भात घेऊन ती आतल्या खोलीत गेली. "आत्ती, जेवून घ्या."

आत्ती भिंतीला चिकटल्या. डोळे विस्फारलेले, पट्टी लाल. समोरच्या माणसाचं नाव पट्टीनं नोंदवलं होतं: सुलभा हुपरीकर. रात्री पुन्हा तेच झालं. सुलभानं घाबरून डॉक्टरांना फोन लावला.

"प्रसंग पुसले जातात, भीती नाही," डॉक्टर म्हणाले. "ती तुमच्या हाकेमागून आली, म्हणून तुमच्या आवाजालाच चिकटून राहिलीय. किती नोंदी झाल्या?"

"दोन."

"तिसरी होऊ देऊ नका. हुकूम निघाला तर तुम्हालाच घराबाहेर काढतील."

"अहो, पण मग त्यांना भरवणार कोण?"

डॉक्टरांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ताटली घेऊन खोलीच्या दाराआड उभी राहिली, श्वासाचाही आवाज होऊ न देता. आतून हाक आली, "सुलभे, भूक लागलीया गं. कुठं हाईस?"

सुलभानं ओ दिली नाही.