शेजारच्या खाटेचा सल्ला

खालच्या मेडिकलमधून सलाइनच्या बाटल्या घेऊन कल्याण वर आला, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तिसगावहून सकाळी टेम्पोत घालून आणलेली त्याची बायको चांगुणा नगरच्या त्या दवाखान्यात खिडकीजवळच्या खाटेवर पडली होती. बाहेर रणरणतं ऊन. अंगावर दोन चादरी, तरी तिचे दात वाजत होते.

डॉक्टरीणबाई त्याचीच वाट पाहत होत्या. "खडा अडकून लघवी तुंबलीय. उजव्या किडनीत पू झालाय. पाठीतून बारीक नळी घालून तो आत्ताच बाहेर काढायला हवा. खड्याचं नंतर बघू. इथं सही करा."

"किडनी काढनार का तुमी?"

"नाही हो. नुसती नळी. पण उशीर झाला तर हे विष रक्तात पसरेल."

पोट दुखतंय म्हणून गेलेला माणूस एक किडनी गमावून परत आला, असल्या गोष्टी कल्याणनं ऊसतोडीच्या फडावर कितीदा ऐकल्या होत्या. बाईंची घाईच त्याला खटकली.

"भावाला इचारतो," तो म्हणाला.

"दहा मिनिटं," एवढं बोलून त्या गेल्या.

भाऊ काही फोन उचलेना. वॉर्डातल्या कूलरची घरघर मधेच थांबली. आटलेल्या विहिरीच्या तळाला येतो, तसा गाळाचा वास आला.

"देऊ नका सही..."

कल्याणनं वळून पाहिलं. शेजारच्या खाटेवर एक बाई भिंतीकडं तोंड करून बसली होती. पदर डोक्यावरून पार पुढं ओढलेला.

"माझंबी असंच हुतं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "कागद आनला हुता त्यांनी. म्या न्हाई दिली सही... घरी गेले."

"मंग? बऱ्या झाल्या?"

बाईनं पदर आणखी पुढं ओढला.

"दुखायचं थांबलं," ती म्हणाली.

कल्याणला धीर आला. आपल्यातलंच माणूस सांगतंय म्हटल्यावर अजून काय पाहिजे? त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. रेश्मा सिस्टर बीपी बघून गेली, दोनदा कागद मागून गेली; तो "थांबा जरा" म्हणत राहिला.

मग चांगुणाचं थरथरणं थांबलं. ताप उतरला असं वाटून त्यानं तिचा हात धरला. तो गार पडला होता, वर चिकट घाम.

"दुखायचं थांबलं," चांगुणा म्हणाली. आवाज तिचा नव्हता. "त्या बोलावत्यात... जाऊ का?"

कल्याणनं शेजारी पाहिलं. बाई आता चांगुणाकडं तोंड करून बसली होती आणि तिनं पाय खाटेखाली सोडले होते. पदराआड चेहरा दिसत नव्हता.

तो धावत बाहेर गेला. खिशातला कागद काढून सिस्टरच्या टेबलावर त्यानं सही केली.

तासाभरानं चांगुणाला बाहेर आणलं. पाठीतल्या नळीतून पिशवीत घट्ट, मातकट पिवळा पू उतरत होता. "अजून थोडा उशीर झाला असता तर..." डॉक्टरीणबाईंनी वाक्य पुरं केलं नाही. कल्याणनं खाली मान घातली.

दोन दिवस अतिदक्षता विभागात काढून चांगुणा परत त्याच खाटेवर आली. ताप नव्हता. तिनं अर्धा कप चहा घेतला, घरच्या शेळ्यांना कोण बघतंय ते विचारलं. शेजारची खाट रिकामी होती. तिथं कोण होतं, हे कल्याणनं कुणालाच विचारलं नाही. उत्तर मिळेल, याचीच त्याला धास्ती होती.

दुपारी समोरच्या खाटेवर नेवाशाची एक म्हातारी आली. तिचा मुलगा काकासाहेब हातात कागद घेऊन त्या रिकाम्या खाटेपाशी वाकून उभा होता. मधूनच मान डोलवत होता.

कल्याण उठून जवळ गेला. "दादा, सही करून टाका."

"करतो की. पन ह्या मावशी काय म्हनत्यात, ते तरी ऐकू द्या."

खाटेवर कुणी नव्हतं. गादी मात्र मधोमध खोल दबलेली होती. कल्याण बघत असतानाच तो खळगा हळूहळू सरकत काठाशी आला... चांगुणाच्या बाजूच्या.